विळी लपवली, पण फवारणीचा डबा कुठं आहे?

पत्र

नमस्कार ताई,

मी केज तालुक्यातल्या एका गावी शिक्षिका आहे. वय ३१. घरी आई, अण्णा, मी आणि धाकटा भाऊ. भाऊ तेवीस वर्षांचा. त्याला लातूरला नीटच्या तयारीला ठेवलं होतं. तिथं दुसऱ्या वर्षी तो म्हणायला लागला, रूमवरची पोरं माझ्याबद्दल बोलतात, भिंतीतून ऐकतात. जेवण सुटलं, झोप सुटली. आधी आम्ही बाहेरचं बघितलं, मग अंबाजोगाईला दवाखान्यात नेलं. स्किझोफ्रेनिया आहे म्हणाले. दोन वर्षं गोळ्या चालू आहेत. पुष्कळ सुधारलाय, अण्णांसोबत शेतात जातो. पण बोलतो कमी, खोलीतच बसून असतो.

दिवाळीत सगळ्यांनी मिळून टीव्हीवर एक क्राइम थ्रिलर बघितला. त्यातला खुनी शेजारचाच साधा, गप्प राहणारा मुलगा असतो. नायिकेच्या न्हाणीच्या झरोक्यातून तो तिला बघत असतो, तिच्या वस्तू चोरून जमवतो. शेवटी इन्स्पेक्टर सांगतो, याला स्किझोफ्रेनिया आहे, याच्या आत दोन माणसं राहतात. भाऊ मधेच उठून गेला. त्या रात्रीपासून आईनं विळी, सुरी, कोयता सगळं कणगीमागं लपवून ठेवलंय. आत्या म्हणाली, "पोरीला त्याच्यासंगं एकटी ठेवू नका." खोटं कशाला बोलू, मीपण घाबरले. तो शेतात गेला की त्याची खोली तपासायला लागले, मोबाईल बघायला लागले. मागच्या आठवड्यात आईनं त्याच्या हातातला मोबाईल ओढला. त्यानं तिला ढकललं. तिचा हात चौकटीवर आपटला, सुजला.

तो सिनेमातल्यासारखं काही करू शकतो का? त्याच्यावर नजर ठेवणं चूक आहे का? मला एक स्थळ आलंय, त्यांना सांगायचं का? मी त्याची वहीपण वाचली. एका पानावर लिहिलंय, 'विहिरीत गेलं की आवाज बंद होईल.' वही होती तशी ठेवून दिली. कुणाला सांगितलं नाही.

तुमची, एक बहीण

उत्तर

ताई,

तुम्ही पत्राच्या शेवटी जे लिहिलंत त्याच्यापासून सुरुवात करते. पत्राखाली नंबर होता म्हणून मी तुम्हाला त्याच दिवशी फोन केला आणि वहीतल्या त्या ओळीबद्दल आपण बोललो. तरी इथं पुन्हा लिहिते, कारण असंच एखादं पान हाती लागलेलं दुसरं कुणी हे वाचत असेल. तुमची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

सिनेमातल्या खुन्याची भीती तुम्ही सविस्तर लिहिलीत आणि विहिरीची ओळ घाईघाईनं शेवटी टाकलीत. माझ्या मते तुमच्या घरातला खरा धोका त्या ओळीत आहे. स्किझोफ्रेनिया झालेल्या शंभर माणसांपैकी साधारण पाच जणांचा शेवट आत्महत्येनं होतो. आजाराच्या पहिल्या काही वर्षांत, तरुण मुलांमध्ये, आणि विशेषतः थोडं बरं वाटायला लागल्यावर 'आपलं काय होऊन बसलं' हे समजू लागतं, त्या काळात ही जोखीम जास्त असते. तुमचा भाऊ नेमका त्याच टप्प्यावर आहे. बरोबरीची पोरं एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला गेली असतील आणि हा तूर राखतोय. हे त्याला कळत नसेल असं समजू नका.

त्याला सरळ विचारा. मरणाबद्दल विचारलं तर नसलेला विचार डोक्यात येईल, ही भीती प्रत्येक घरात असते. तसं होत नाही. विचारल्यानं माणसाला हायसं वाटतं. कुणीतरी नाव घेऊन विचारलं, एवढ्यानंच पुष्कळ जणांचं ओझं उतरतं, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की खात्रीनं सांगते. शब्द साधे ठेवा: "मी तुझी वही वाचली. न विचारता वाचली, ते चुकलं माझं. पण त्यातली विहिरीची ओळ वाचल्यापासून मला झोप नाही. तुला मरावंसं वाटतं का रे?" त्याला बोलू द्या. मग हळूच पुढचं विचारा. ते शब्द त्याचे आहेत की त्याला ऐकू येणाऱ्या आवाजाचे? आवाज 'जा' असा हुकूम सोडतो का? तो विहिरीपर्यंत कधी गेला होता का? आवाज हुकूम देतो असं म्हणाला, किंवा जाऊन आलो म्हणाला, तर त्याच दिवशी दवाखाना. पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याला एकटं सोडायचं नाही. गाडीसाठी १०८, अगदीच हाताबाहेर गेलं तर ११२. रात्री काही सुचेना झालं तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे. केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला ही सेवा सुरू केली, ती चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं. तो स्वतः बोलू शकतो, आणि घाबरलेली बहीणही बोलू शकते.

आता त्या विळीबद्दल. आईनं विळी, सुरी, कोयता कणगीमागं दडवला. मी फोनवर विचारलं, "फवारणीचं औषध कुठं असतं?" तुम्ही थोडं थांबून म्हणालात, "ढाळजेत, पंपाशेजारी." आपल्या मराठवाड्यात कापूस-सोयाबीन पिकवणाऱ्या बहुतेक घरांत ते तिथंच असतं, उघड्यावर, लेकराबाळांचा हात पोचेल असं. शेतीवर जगणाऱ्या भागात आत्महत्येनं गेलेल्या किती माणसांच्या मागं हा डबा आहे, हे आपल्या जिल्ह्यांना वेगळं सांगायला नको. सिनेमानं तुमच्या आईला सुरीला भ्यायला शिकवलं, आणि जी वस्तू खरोखर घात करते ती दाराशी तशीच राहिली. ते औषध कुलपात ठेवा, किल्ली अण्णांकडे. उरलंसुरलं असेल तर घरात साठवूच नका. मरणाची लाट बहुतेक वेळा थोड्या वेळाची असते. त्या वेळात साधन हाताशी नसलं तर माणूस वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते, म्हणून मी या कुलपाबद्दल एवढी मागं लागले. गोळ्यांचा साठाही सध्या तुमच्याकडे ठेवा, रोजच्या रोज काढून द्या. आणि हे त्याच्यापासून लपवून करू नका. "काही दिवस हे आम्ही बंद ठेवतोय, तुझ्या काळजीनं," असं त्याला सांगून करा. विळी मात्र आईला परत स्वयंपाकघरात आणू द्या. भाजी चिरायला विळी मागितली आणि ती कणगीमागून आली, की त्या लेकराला दर वेळी कळतं आपल्याला घरात काय समजतात.

आता सिनेमा. मी तो पाहिलेला नाही, पण तुम्ही सांगितलेली गोष्ट ओळखीची आहे. लेखकानं तीन वेगळ्या गोष्टी एका माणसाला शिवून टाकल्या आहेत, त्या उसवून दाखवते.

'याच्या आत दोन माणसं राहतात' हे स्किझोफ्रेनियाचं लक्षण नाहीच. घोळ नावापासून सुरू होतो. झुरिकच्या ऑयगेन ब्लॉयलर या डॉक्टरांनी १९०८ साली दोन ग्रीक शब्द जोडून हे नाव दिलं, फुटणं आणि मन. त्यांना म्हणायचं होतं की विचार, भावना आणि वागणं यांची आपसातली सांधेजोड सुटते. मराठीत आपण त्याला छिन्नमनस्कता म्हटलं, आणि कुणीतरी पुढं दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व केलं. शब्दच असा, की ऐकणाऱ्याला एका माणसाचे दोन दिसायला लागतात. एकाच माणसात वेगवेगळ्या ओळखी वावरण्याचा जो विकार आहे तो संपूर्ण निराळा, आणि दुर्मीळ. १९९४ पर्यंत त्याला मल्टिपल पर्सनॅलिटी म्हणत, आता डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर म्हणतात. त्याची मुळं बहुधा लहानपणी सोसलेल्या भयंकर छळात सापडतात. तीही माणसं खुनी नसतात, पण पडद्यावर त्यांनाही दुसरं काम मिळालेलं नाही.

दुसरी गोष्ट त्या खुन्याचं थंड डोकं. गोड बोलणं, महिनोन्महिने बेत आखणं, दुसऱ्याच्या दुःखानं जराही न हलणं, याला सायकोपॅथी म्हणतात. हर्व्ही क्लेकली या अमेरिकन डॉक्टरांनी १९४१ साली अशा माणसांवर आख्खं पुस्तक लिहिलं. त्यांना आवाज ऐकू येत नाहीत, भास होत नाहीत, वास्तव त्यांना स्वच्छ दिसतं. तुमच्या भावाला जे झालं त्याला सायकोसिस म्हणतात, म्हणजे वास्तवाचा धागा सुटणं. दोन्ही शब्दांची सुरुवात सारखी, म्हणून लोकांनी दोन्हींचा मिळून एक 'सायको' केला. हा शब्द आता शाळेतली पोरंही एकमेकांना मारतात. तुम्ही शिक्षिका आहात, तुमच्या वर्गातही येत असेल.

तिसरी गोष्ट झरोक्यातून बघणं आणि माग काढणं. हा कुठलाच आजार नाही, हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरून बघण्याला कलम ७७ आणि पाठलागाला कलम ७८ आहे. क्वचित एखाद्याला 'ती माझ्यावर प्रेम करते' असा पक्का भ्रम होतो आणि त्यातून पाठलाग घडतो, ते खरं. पण बाईच्या मागं लागणारे बहुसंख्य पुरुष मनानं धडधाकट असतात. त्यांना नकार ऐकायचा नसतो, एवढंच. सिनेमानं त्यांना आजाराच्या आड लपायला जागा दिली याचा मला राग आहे. बीडच्या बसस्टँडवर पोरीच्या मागं लागणारं पोरगं मोकळं सुटतं आणि गोळ्या वेळेवर घेणाऱ्या तुमच्या भावाकडं आत्या डोळे वटारून बघते.

'तो काही करू शकतो का?' या प्रश्नाला एका शब्दात 'नाही' म्हणणं खोटं होईल. हा आजार असलेली बहुतेक माणसं कुणालाही इजा करत नाहीत. उलट तीच मार खातात, फसवली जातात, लुबाडली जातात. जोखीम वाढते ती उपचार सुटले की, दारू-गांजा सुरू झाला की, आधी मारहाणीचा इतिहास असला की. तुमच्या भावाच्या बाबतीत पहिलं नाही, दुसरं तुम्ही नाही म्हणालात, तिसऱ्याबद्दल पुढं बोलते. सलग दोन-तीन रात्री डोळ्याला डोळा न लागणं, गोळ्या थुंकून टाकणं, घरातल्याच एखाद्या माणसावर 'हा मला विष घालतोय' असा ठाम संशय, उशाशी काही हत्यार घेऊन झोपणं, आवाजाच्या हुकमाबद्दल बोलणं, यातलं काही दिसलं तर दवाखाना गाठायचा. खोलीत गप्प बसणं त्यात येत नाही. बोलणं आटणं, अंघोळीचा कंटाळा, चेहरा कोरा पडणं ही आजाराची दुसरी बाजू आहे. आवाज गोळ्यांनी पुष्कळदा कमी होतात, ही बाजू सहजासहजी हटत नाही. गोळ्यांनी येणारी गुंगीही असते. सिनेमात गप्प माणूस काहीतरी शिजवत असतो. तुमच्या घरातला गप्प माणूस बहुतेक दमलेला आहे.

तुमचा दुसरा प्रश्न, नजर ठेवण्याचा, मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

थ्रिलर सिनेमात कुलूप तोडणाऱ्याला नेहमी काहीतरी सापडतं. नायिका शेजाऱ्याच्या घरात चोरून शिरते, तिला फोटो सापडतात. इन्स्पेक्टर कपाट फोडतो, पुरावा मिळतो. मानसोपचारतज्ज्ञ हॉटेलात बसून पोलिसाला पेशंटची फाइल वाचून दाखवतो आणि खुनी पकडला जातो. प्रत्येक जण दुसऱ्याच्या हद्दीत घुसतो आणि प्रत्येकाला त्याचं बक्षीस मिळतं. दोन-अडीच तास हे बघितल्यावर आपल्यालाही वाटायला लागतं की बंद दारामागं गुपित आहे आणि ते काढणं हे आपलं कर्तव्य आहे. प्रत्यक्षात त्या डॉक्टरनं कायदा मोडला. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा, २९ मे २०१८ पासून लागू आहे, आणि त्याच्या कलम २३ नं पेशंटची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलाय. दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, कोर्टाचा हुकूम असेल, असे मोजके अपवाद आहेत, तेही गरजेपुरते. तुमच्या भावाच्या आजाराची माहिती त्याची आहे. ती आत्याला कुणी सांगितली, हे एकदा घरात बसून आठवून बघा.

लक्ष ठेवणं आणि पाळत ठेवणं यात फरक कसा करायचा, असं तुम्ही फोनवर विचारलंत. मी एक साधी खूण वापरते. जे त्याच्या तोंडावर सांगून करता येतं ते लक्ष. जे तो शेतात गेल्यावरच करता येतं ती पाळत. गोळी घेतली का हे विचारणं, जेवला का बघणं, डॉक्टरला तुम्हाला काय दिसतं ते सांगणं, हे सगळं उघडपणे होतं. वही, मोबाईल, गादीखालचं उचकटणं उघडपणे होत नाही.

पाळत ठेवण्यानं नुसतं मन दुखावतं असं नाही, आजार उलटू शकतो. हे मी माझ्या मनचं सांगत नाही. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन या समाजशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दवाखान्यातून घरी सोडलेल्या रुग्णांचा माग ठेवला. १९५८ साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं की आईबापाकडे किंवा बायकोकडे परतलेले रुग्ण जास्त वेळा पुन्हा दाखल झाले, भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहायला गेलेले कमी. सगळे चक्रावले. मग पुढच्या वर्षांत उलगडलं की घरच्यांचं टोचून बोलणं, दुस्वास, आणि काळजीपोटी सतत अंगावर येणं, या तीन गोष्टी आजार उलटवतात. तिसरी गोष्ट लक्षात घ्या. प्रेमानंही होतं ते. नंतर चंदीगडला डॉ. एन. एन. विग यांच्या चमूनं आणि लंडनच्या संशोधकांनी मिळून हेच तपासलं, १९८७ साली ते छापून आलं. तिथल्या घरांत हे टोचणं आणि अंगावर येणं लंडनपेक्षा पुष्कळ कमी निघालं, आणि तिथले रुग्ण जास्त चांगले राहण्याचं ते एक कारण मानलं गेलं. भिंतीला कान आहेत, लोक आपल्या वस्तू तपासतात, हाच तर तुमच्या भावाचा भ्रम होता. आता तुम्ही खरंच त्याच्या वस्तू तपासता. डॉक्टर त्याला समजावतात की कुणी तुझ्यावर नजर ठेवत नाही, आणि घरी आल्यावर त्याला दिसतं की ठेवतात. त्यानं विश्वास कशावर ठेवायचा?

मी तुम्हाला दोषी ठरवत नाही. भीती अंगात बसते, ती एका सिनेमानंही बसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, त्यानंतर आमच्याकडे माणसं महिनोन्महिने अंगणात झोपली. घर धड होतं, तरी आत जायला पाय उचलत नव्हता. त्यांना कुणी येडं म्हटलं नाही. तुमच्या आईची भीतीही तशीच आहे, तिला हसू नका, रागावू नका. फक्त ती भीती घर चालवायला लागली आहे, ते थांबवायचं.

वही वाचल्याचं आधी कबूल करा. तो चिडेल. चिडू द्या, तुम्ही समोर बसून राहा. मग दोघांनी मिळून ठरवा. दार वाजवून आत यायचं, आईनंसुद्धा. मोबाईल त्याचा आहे, हातातून ओढायचा नाही. कडीचं मात्र वेगळं. सध्या विहिरीची गोष्ट ताजी आहे, तेव्हा दार लोटलेलं चालेल पण आतून कडी नको, हे तुम्ही त्याला स्पष्ट सांगू शकता, कारणासकट. डॉक्टर म्हणाले की कडी परत. हे बंधन आहेच, पण ते त्याला माहीत आहे आणि त्याला शेवट आहे. वही त्याची. त्यात काय लिहायचं, कुणाला दाखवायचं, तो ठरवील. मला विचाराल तर तो लिहितोय याचा मला आनंद आहे.

आता आईचा हात. आईनं मोबाईल ओढला हे चुकलं, म्हणून ढकलणं बरोबर होत नाही. 'आजारी आहे, जाऊ द्या' असं म्हणून घरं हे गिळतात आणि पुढच्या वेळी जास्त लागतं. हद्द त्याला आहे तशी आईलाही आहे. तो शांत असेल तेव्हा, भांडणाच्या वेळी नाही, अण्णांनी आणि तुम्ही त्याला सांगायचं: "राग आला तर उठून वावरात जा, दार आपट, ओरड. आईला हात लावायचा नाही." त्याला ते समजतं. आजारानं त्याची अक्कल नेलेली नाही. आणि हे डॉक्टरांना सांगा, लाजू नका. मारहाणीचा इतिहास असं मी वर म्हणाले ते हेच. एकदा झालंय, कशावरून झालं ते कळतंय, दुसऱ्यांदा झालं तर तुम्ही थांबायचं नाही. तुमच्या स्वतःच्या हद्दीही आहेत. तुम्ही शाळा करता, घर करता, रात्री त्याच्या दाराशी कान देऊन जागता. आठवड्यातली एक संध्याकाळ अण्णांवर सोडा आणि मैत्रिणीकडे जा.

स्थळाबद्दल थोडक्यात. तुमच्याबद्दलचं सगळं खरं सांगायचं, ते तुमचं आहे. भावाच्या आजाराचं आधी भावाला विचारायचं: "मला त्यांच्याशी लपवाछपवी नको वाटते, तुझ्याबद्दल किती सांगू?" माझा अनुभव असा की नीट विचारलं तर बहुतेक जण हो म्हणतात. जुन्या कुटुंब-अभ्यासांत सख्ख्या भावंडाला हा आजार होण्याचं प्रमाण साधारण शंभरात नऊ-दहा सांगितलंय, म्हणजे नव्वद जणांना तो होत नाही. हे त्या माणसाला शांतपणे सांगता येईल. ऐकून जो उठून जाईल तो जाऊ दे.

आत्या पुन्हा बाहेरचं बघा म्हणतील. आपल्याकडे भानामती अजून गेलेली नाही. देवाला नारळ फोडायचा तर फोडा, मी आड येणार नाही. पण गोळी बंद करा असं सांगणारा माणूस दारात घेऊ नका. आणि भूत उतरवायच्या नावानं बांधणं, मारणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, हे आत्यांच्या कानावर घाला.

सोमवारी अंबाजोगाईला निघाल तेव्हा फाइल, गोळ्यांची रिकामी पाकिटं, आणि गेल्या महिन्याभरात झोप-जेवण-बोलणं कसं होतं त्याचं एक पान लिहून न्या. ते पान त्याला आधी वाचायला द्या. डॉक्टर तुम्हाला सगळं सांगणार नाहीत, पण तुम्ही त्यांना सांगायला मोकळ्या आहात. नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणून एक माणूस लेखी नेमण्याचा हक्क मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं तुमच्या भावाला दिलाय. आजार बळावला तर त्याच्या वतीनं बोलणारा माणूस तो आज शुद्धीत असताना निवडू शकतो. तो तुम्हालाच निवडेल असं गृहीत धरू नका, विचारा. हात थरथरतो का, वजन वाढलंय का, दिवसभर झोप येते का, हे त्यालाच डॉक्टरांना सांगू द्या, गोळी बदलता येते. विहिरीचं त्यानं आपणहून सांगितलं तर उत्तम. नाहीच सांगितलं तर तुम्ही त्याच्यासमोर सांगायचं, त्याला बाहेर पाठवून नाही. जाताना एसटीत त्याच्या शेजारी बसा आणि एक विचारा, जे दिवाळीपासून तुमच्या घरात कुणीच विचारलेलं नाही: त्या रात्री सिनेमा अर्धा टाकून तू का उठून गेलास? वही घरीच राहू द्या, तो स्वतः पिशवीत घालेल तर गोष्ट वेगळी.